केबिन आधी, ऑफर नंतर

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे एकाच विषयाची पत्रं लागोपाठ आली : कुटुंबासोबत क्रूझला जायचंय, बुकिंग कधी केलं म्हणजे स्वस्त पडेल? क्रूझ बुकिंगच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारते, एका केबिनमध्ये किती जण झोपणार आहात? बाजारात फिरणारे बहुतेक सल्ले जोडप्यांना धरून असतात. मुलाबाळांच्या कुटुंबाने ते जसेच्या तसे उचलले की फटका बसतो. म्हणून या वेळी फक्त कुटुंबांचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं. मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा. शाळेमुळे मोठ्या सुट्टीतच निघता येतं. नवऱ्याचं म्हणणं, जहाज रिकामं जाऊ नये म्हणून कंपन्या शेवटच्या महिन्यात भाव पाडतात, तोवर थांबू. नणंद म्हणते, वर्षभर आधी करून मोकळे व्हा. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. कुणाचं ऐकू?

उत्तर : नणंदेचं ऐका. तुमच्या यजमानांची माहिती खोटी नाही, पण ती चौघांना लागू पडत नाही.

शेवटी भाव का उतरतात ते आधी बघू. जहाज धक्क्यावरून सुटलं की रिकाम्या केबिनचे पैसे कायमचे गेले. शिवाय जहाजावर चढलेला प्रवासी तिकिटाखेरीज बराच खर्च करतो. किनाऱ्यावरच्या सहली, वाय-फाय, स्पा, फोटो, पेयं, सगळंच. त्यामुळे केबिन रिकामी नेण्यापेक्षा कमी भावात भरलेली कंपनीला परवडते. हे सगळं खरं आहे. पण भाव उतरतात ते उरलेल्या केबिनचे, आणि उरतात त्या बहुतेक दोघांच्या.

एक उदाहरण देते. रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. त्यावर २,८०५ केबिन आहेत. केबिनमागे दोघं धरले तर ५,६१० प्रवासी होतात, आणि जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. म्हणजे तिसरा, चौथा आणि त्यापुढचे असे सगळे जादा प्रवासी मिळून दोन हजारांच्या आत. प्रत्येक कुटुंब चौघांचं धरलं, तर हजाराच्या आतबाहेर केबिन भरल्या की ही मर्यादा संपली. आणि हे मुद्दाम कुटुंबांसाठी बांधलेलं, जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक. लहान जहाजांवर हा आकडा पुष्कळच खाली येतो.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, ती लाइफबोटींची. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याची १९७४ ची आवृत्ती वेळोवेळी सुधारून लागू आहे. जहाजावर संकट आलं तर कुठे जमायचं हे प्रत्येक प्रवाशाला नेमून दिलेलं असतं, आणि त्या ठिकाणच्या बोटींत माणसं किती हेही ठरलेलं असतं. जहाजाच्या एका भागातली ही संख्या भरली की तिथल्या उरलेल्या केबिनमध्ये पलंग असूनही तिसरा माणूस घेतला जात नाही. बुकिंगच्या स्क्रीनवर हे कसं दिसतं सांगू? प्रवासी '२' टाकले की बाल्कनीच्या केबिनची भलीमोठी यादी उघडते. तोच आकडा '४' केला की तेच जहाज, तीच तारीख, आणि खाली एक ओळ : उपलब्ध नाही. लोक पान पुन्हा पुन्हा उघडून बघतात, वेबसाइट बिघडली असं समजतात. वेबसाइट ठीक असते. चौघांची केबिन गेलेली असते.

ती गेली म्हणजे पैशांत किती फरक पडतो ते बघा. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं असतं, तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक वेळा बरंच कमी. समजा पहिल्या दोघांचे १००-१०० आणि मुलांचे ४०-४०. एका केबिनचे झाले २८०. आता चौघांची केबिन संपली, म्हणून दोन केबिन घ्याव्या लागल्या. चौघांनाही पूर्ण भाडं, म्हणजे ४००. शेवटच्या क्षणी चांगली २५ टक्के सूट मिळाली असं धरलं तरी ३००. थांबून, जीव टांगणीला लावून, सूट मिळवूनही २० जास्तच गेले. आणि बंदरापर्यंतच्या विमानाची चार तिकिटं ऐन सुट्टीत, ऐन वेळी काढायची ती वेगळीच.

आता नेमकं कधी? मोठ्या सुट्टीतली किंवा वर्षअखेरची क्रूझ असेल, तर निघण्याच्या १० ते १४ महिने आधी केबिन हातात असावी. कंपन्या साधारण दीड-दोन वर्षं आधी तारखा खुल्या करतात. नाताळ-नववर्षाच्या आठवड्यासाठी, किंवा डिस्नेसारख्या मुख्यतः कुटुंबांवर चालणाऱ्या कंपनीसाठी, तारखा खुल्या झाल्या झाल्याच भाव बहुधा सर्वांत खाली असतो. पुढे तो चढत जातो.

इथवर नणंदेचा सल्ला पुरतो. पण बुकिंग करून स्वस्थ बसायचं नाही, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बुकिंगच्या वेळी तुम्ही फक्त डिपॉझिट भरता. उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख, म्हणजे फायनल पेमेंटची तारीख, निघण्याआधी साधारण ७५ ते १२० दिवसांवर असते. कंपनीनुसार आणि प्रवासाच्या लांबीनुसार ती बदलते. डिपॉझिट परत मिळण्यासारखं, रिफंडेबल, असेल तर या तारखेपर्यंत सूत्रं तुमच्या हातात असतात. भाव खाली आला की कंपनीला किंवा एजंटला गाठून नवा भाव लावून मागायचा. नाहीच जमलं, तर नव्या भावात दुसरं बुकिंग करून मगच जुनं रद्द करायचं. क्रम चुकवू नका. आधी रद्द केलंत आणि तेवढ्यात ती केबिन दुसऱ्याने उचलली, तर परत मिळत नाही.

नॉन-रिफंडेबल डिपॉझिटचा भाव थोडा कमी दिसतो. तारीख बदलायची वेळ आली की त्यात माणशी दंड लागतो, आणि चौघांचा दंड म्हणजे चारपट. मुलांची परीक्षा, नोकरीतली रजा, घरातलं आजारपण यांतलं काहीही आडवं येऊ शकतं, तेव्हा वर्षभर आधी बुकिंग करणाऱ्या कुटुंबाने रिफंडेबलच घ्यावं असं मी कळकळीने सांगेन. आणखी एक, हे नियम तुम्ही ज्या देशातून बुकिंग करता तिथले लागतात. एकाच जहाजाच्या एकाच केबिनला दोन देशांत वेगळ्या अटी असतात. त्यामुळे परदेशातल्या मैत्रिणीला भाव कमी करून मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेल असं गृहीत धरू नका. बुकिंगआधी लेखी विचारून घ्या.

यजमानांना थांबून बघायचंच असेल, तर त्यांना एक योग्य वेळ सांगते. अगदी शेवटचा आठवडा नव्हे. फायनल पेमेंटच्या तारखेनंतरचे सात-आठ दिवस बघायला सांगा. ज्यांचं नक्की होत नाही ते त्या सुमारास रद्द करतात, केबिन परत विक्रीला येतात, आणि कंपनीला आपलं जहाज किती भरलंय याचा पहिला खरा अंदाज येतो. काही तारखांचे भाव तेव्हा खाली येतात. पण हे तुमची केबिन आधीच हातात असताना करायचं, आणि मोठ्या सुट्टीत फार आशा ठेवायची नाही. या तारखेनंतर भाव पडला तर पैसे परत मिळत नाहीत. फार तर जहाजावर खर्चायला काही रक्कम किंवा वरच्या दर्जाची केबिन देतात, तीही कंपनीच्या मर्जीवर.

केबिन निवडताना एक बघा. साध्या बाल्कनी केबिनचं क्षेत्रफळ १८०-२०० चौरस फूट असतं. त्यात चौघं म्हणजे रात्री सोफ्याचा पलंग होतो, छतातून दुसरा खाली येतो, त्याला शिडी लागते, आणि बाथरूमला जाणारा त्या पलंगाखालून वाट काढत जातो. तुमचा धाकटा सोफ्यावर, मुलगी वर. याला तयारी नसेल तर मधल्या दाराने जोडलेल्या दोन आतल्या केबिनचा भाव जरूर काढून बघा. खिडकी नसते, पण दोन बाथरूम मिळतात, आणि कित्येकदा हा हिशेब एका मोठ्या बाल्कनी केबिनच्या आसपासच येतो. अशा जोडकेबिनही थोड्याच असतात आणि लवकर जातात.

प्रश्न : जानेवारी ते मार्च क्रूझचा 'वेव्ह सीझन' असतो, तेव्हाच बुकिंग करावं असं वाचलं. 'मुलं मोफत' अशा जाहिराती येतात. खरंच फायदा असतो का?

उत्तर : असतो. पण तो बहुतेक वेळा भाड्यात नसतो, भाड्यासोबत येणाऱ्या गोष्टींत असतो. वर्षाच्या सुरुवातीला लोक सुट्ट्यांचं नियोजन करतात, म्हणून कंपन्यांचा सगळा जोर या तीन महिन्यांत असतो. कमी डिपॉझिट, जहाजावर खर्चायला क्रेडिट, पेयांचं पॅकेज, वाय-फाय असं काही ना काही जोडून देतात. नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडेलाही हेच चालतं.

'मुलं मोफत' याचा अर्थ मुलांचं भाडं मोफत. बंदराचे आकार आणि कर चारही जणांना भरावे लागतात, आणि टिप्सही बहुतेक ठिकाणी माणशी, दिवसागणिक लागतात. मुलांच्या टिप्सचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत, ते बघून घ्या. शिवाय मुलांचं भाडं शून्य करताना पहिल्या दोघांचं वाढवलेलं नाही ना, हेही तपासावं लागतं. तपासायचं कसं, तर जाहिरातीतल्या टक्क्यांकडे न बघता शेवटच्या पानावरची चौघांची एकूण रक्कम बघायची. कर, बंदर, टिप्स सगळं धरून.

मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना एक वही ठेवायला सांगायचे. एका ओळीत बघितल्याची तारीख, जहाज, निघण्याची तारीख, केबिनचा प्रकार, चौघांची एकूण रक्कम आणि सोबत काय मिळतंय. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला एक ओळ. जानेवारीची ऑफर आली की मागच्या ओळींशेजारी ठेवायची. रक्कम तीच आणि वर क्रेडिट मिळतंय, तर फायदा आहे. रक्कम वाढलीय आणि त्यातलंच थोडं क्रेडिट म्हणून परत देतायत, तर नाही. चार-सहा ओळी झाल्या की जाहिरातीने माणूस गडबडून जात नाही. 'शेवटचे ४८ तास' असं लिहिलेली ऑफर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने येते, हेही या वहीत दिसतं.

आणि तुमच्या सुट्टीच्या तारखेला चौघांच्या मोजक्याच केबिन उरलेल्या डिसेंबरमध्ये दिसल्या, तर जानेवारीची वाट बघू नका. रिफंडेबल डिपॉझिट भरून टाका. जानेवारीत ऑफर खरंच चांगली निघाली, तर त्या ऑफरवर जाता येतं.

प्रश्न : 'गॅरंटी केबिन' सर्वांत स्वस्त दिसते. केबिनचा नंबर नंतर देतात. दोन मुलं आणि सासूबाईंसह पाच जण आहोत, दोन केबिन लागतील. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. गॅरंटीत केबिनचा प्रकार नक्की असतो, जागा नसते. नंबर कधी कधी निघायच्या थोडे दिवस आधी कळतो. तुमची एक केबिन सहाव्या डेकवर पुढच्या टोकाला आणि दुसरी दहाव्यावर मागच्या टोकाला आली, तर तक्रारीला जागा नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणूस सोबत असताना वाचलेले पैसे त्या लिफ्टच्या फेऱ्यांत वसूल होतात. दोघंच जाणार असाल तर गॅरंटी जरूर घ्या. एकाच केबिनमध्ये मावणाऱ्या तिघा-चौघांनाही चालेल, फक्त वर पूल आणि खाली नाचगाण्याचा हॉल अशी केबिन आली तरी निभावायची तयारी हवी.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुलगा, सून आणि दोन नातवंडं, एक तीन वर्षांचं आणि एक आठ महिन्यांचं, अशांना घेऊन जायचंय. शाळेचं बंधन नाही, मुलाला रजा केव्हाही मिळते. वर्षातला स्वस्त काळ कोणता? माझ्या गुडघ्यांमुळे मला व्हीलचेअर लागते.

उत्तर : काका, तुमच्या पत्राचा मला फार आनंद झाला. तारखा मोकळ्या असणं ही कुठल्याही ऑफरपेक्षा मोठी सूट आहे, आणि ती तुमच्याकडे मोठं नातवंड शाळेत जाईपर्यंतच आहे. ही दोन-तीन वर्षं वापरून घ्या.

कॅरिबियन समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत स्वस्त. कारण स्पष्ट आहे : अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याला असतो. त्यातच अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात. जहाजं वादळाला वळसा घालून जातात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण ठरलेली बंदरं बदलतात. पूर्वेकडच्या बेटांचं तिकीट काढलेलं जहाज पश्चिमेकडे जातं. कराराप्रमाणे कंपनीला तसं करता येतं, आणि चुकलेल्या बंदराचे आकार सोडले तर सहसा काही परत मिळत नाही. तुमच्या घरात कुणाचा एखाद्या विशिष्ट बेटावर जीव असेल तर हा काळ नको. नातवंडांसोबत जहाजावर निवांत आठवडा एवढंच हवं असेल तर उत्तम. डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला त्याहून आवडतो : वादळांचा हंगाम संपलेला, नाताळची गर्दी अजून सुरू व्हायची, आणि भाव या दोन्हींच्या मधल्या खोलगट भागात.

अलास्काचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. जुलै महाग, मे आणि सप्टेंबर स्वस्त. या दोहोंत मी मे निवडेन. दक्षिण-पूर्व अलास्कात मे तुलनेने कोरडा असतो, डोंगरांवर बर्फ टिकून असतं. सप्टेंबरपासून पाऊस वाढत जातो. व्हीलचेअर घेऊन ओल्या धक्क्यावर उतरायचं म्हणजे सगळ्यांचीच तारांबळ. भूमध्य समुद्रात जुलै-ऑगस्ट टाळा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बघा. एप्रिल-मेमध्ये पाणी पोहायला गार लागेल, पण दगडी गल्ल्यांतून व्हीलचेअर ढकलताना कडक ऊन नसेल.

जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेताना ज्या क्रूझ होतात, त्या रात्रीमागे फार स्वस्त पडतात. एप्रिल-मे मध्ये अमेरिकेकडून युरोपकडे आणि शरद ऋतूत उलट. त्या मोहात तूर्त पडू नका. अटलांटिक ओलांडताना लागोपाठ पाच-सहा किंवा जास्त दिवस फक्त समुद्र असतो. बहुतेक मोठ्या कंपन्या साध्या क्रूझवर सहा महिन्यांचं बाळ चालवून घेतात, पण अशा लांबच्या सागरी प्रवासाला बाळ किमान १२ महिन्यांचं लागतं. हे वय निघायच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. शिवाय जहाज जिथे सुटतं तिथे परत येत नाही, त्यामुळे विमानाची एकेरी तिकिटं काढावी लागतात, आणि ती जोडली की स्वस्ताई बरीच कमी होते.

तारखांबाबत मोकळं असलात तरी केबिनबाबत मात्र तुम्हाला घाई हवी. व्हीलचेअर आत फिरेल अशी केबिन, म्हणजे रुंद दार, उंबरठा नसलेलं बाथरूम, आंघोळीला बसायची जागा, जहाजावर अगदी मोजक्या असतात. हंगाम स्वस्त म्हणून त्या जास्त होत नाहीत. अशा केबिनसाठी मी ऑफ-सीझनलाही वर्षभर आधीच सांगेन. कंपनी व्हीलचेअरचा फॉर्म भरून मागेल, त्यात खुर्चीची रुंदी मोजून लिहा. ही रुंदी अंदाजाने लिहिली की दाराशी अडतं. मुलाची केबिन शेजारची मिळाली तर छानच, पण या दोहोंत आधी तुमची पक्की करा.

आणि बंदरांची यादी बघताना 'टेंडर' असं लिहिलंय का बघा. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. लाटा असतील तर व्हीलचेअर घेत नाहीत. असं एखादं बंदर चालेल, पण निम्मी बंदरं टेंडरची असतील, तर ती क्रूझ कितीही स्वस्त असो, तुमच्यासाठी महागच आहे.

प्रश्न : थेट कंपनीकडून बुकिंग करावं की एजंटकडून?

उत्तर : मी टेबलाच्या एजंटच्या बाजूला बसले आहे, ते लक्षात घेऊन वाचा. मूळ भाडं दोन्हीकडे बहुतेक सारखंच असतं. एजंटला कमिशन कंपनीकडून मिळतं. मोठे एजंट काही केबिन आधीच गटाच्या भावात अडवून ठेवतात, आणि काही जण कमिशनमधला वाटा तुम्हाला जहाजावरच्या क्रेडिटच्या रूपाने देतात. उलट बाजूला, एकदा एजंटकडून केलं की कंपनी तुमच्याशी थेट फारसं बोलत नाही. भाव पडला तर तो कमी करून घ्यायचं कामही एजंटचंच.

म्हणून डिपॉझिट देण्याआधी त्याला हे विचारा : भाव उतरला तर तुम्ही स्वतः बघून कळवता का, की मी फोन करायचा? रद्द केलं तर कंपनीच्या दंडावर तुमचा वेगळा आकार आहे का? केबिन गटातली असेल तर तिला कंपनीची नवी ऑफर लावता येते का? उत्तरं ईमेलवर घ्या. नीट उत्तरं देणारा एजंट मिळाला तर त्याच्याकडेच करा. पाच-सहा जणांचं बुकिंग, दोन केबिन, बाळ, वयस्कर माणूस एवढं असेल तर अशा माणसाचा खूप आधार होतो.

प्रश्न : जहाजावर असतानाच पुढच्या क्रूझचं बुकिंग करा म्हणून मागे लागतात. करावं का?

उत्तर : तिथे डिपॉझिट कमी असतं आणि वर थोडं क्रेडिट मिळतं. डिपॉझिट परत मिळणार असेल, किंवा तारीख न ठरवता नुसतं भरून ठेवता येत असेल, तर करा. सुट्टीच्या भरात नॉन-रिफंडेबल मात्र करू नका, मुलांचं पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तेव्हा हाताशी नसतं.

प्रश्न : लेक आणि जावयासह आम्ही चौघांनी पुढच्या क्रूझचं डिपॉझिट भरलंय. निघायला सहा महिने आहेत. आता लेकीला दिवस गेल्याचं कळलं, दुसरा महिना सुरू आहे. डॉक्टर म्हणतात प्रवासाला हरकत नाही. मग काही करायला हवं का?

उत्तर : आधी तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. पण हो, लगेच करायला हवं. बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम असा, की प्रवासातल्या कुठल्याही दिवशी गरोदरपणाचा २४ वा आठवडा लागत असेल, तर त्या प्रवाशाला जहाजावर घेत नाहीत. डॉक्टरांचं पत्र असलं तरी घेत नाहीत. मोजणी क्रूझच्या शेवटच्या दिवसापर्यंतची धरा. आज दुसरा महिना, निघायला सहा महिने, म्हणजे तेव्हा आठवा महिना. लेकीला बंदरावरूनच परत यावं लागेल.

बाळ झाल्यावर ते सहा महिन्यांचं होईपर्यंत त्यालाही नेता येणार नाही. २४ व्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत साधारण १६ आठवडे, पुढे २६ आठवडे. म्हणजे जवळजवळ दहा महिने तिच्यासाठी क्रूझ बंद. त्यामुळे एक तर पुढच्या महिना-दोन महिन्यांतली तारीख घ्या, डॉक्टरांना विचारून आणि २४ व्या आठवड्याच्या बऱ्याच आधी घरी परत याल अशी. नाही तर बाळाच्या सहा महिन्यांनंतरची घ्या, आणि बाळंतपण उशिरा झालं तर अडचण नको म्हणून वर आणखी महिनाभर मोकळा ठेवा. तेव्हा तुम्ही पाच जण असाल, एका केबिनमध्ये तिघं. बाळ कडेवरचं असलं तरी तिसरा प्रवासी म्हणूनच धरलं जातं आणि लाइफबोटीत त्याची जागा मोजली जाते. म्हणून नव्या तारखेला लेक-जावयासाठी तिघांची केबिन मागा आणि पाळणा लागेल हे बुकिंगमध्येच लिहून घ्या. तुमच्या फायनल पेमेंटच्या तारखेला बहुधा दोन-तीन महिने आहेत. रिफंडेबल डिपॉझिट असेल तर त्याआधी ते नव्या तारखेवर वळवून मिळेल, नॉन-रिफंडेबल असेल तर दंड भरून. विम्याची पॉलिसी घेतली असेल तर ती काढून वाचा. आणि एजंटला फोन आजच करा.